फडावरून वर्गात : परत आलेल्या पोरांना गुरुजी कसे सांभाळून घेतात



या पानावर मी एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा याविषयी लिहितो. या खेपेला शाळेविषयी लिहीत आहे. संपादकांनी विचारले की ऊस विकास विभागाचा आणि शाळेचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो मला यंदाच्या जुलैत एका गुरुजींनी समजावून सांगितला.

टोळ्यांचे करार करण्यासाठी बीड जिल्ह्यातल्या एका गावी गेलो होतो. मुकादम बाजाराला गेलेला. त्याची वाट पाहत जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात बसलो. आत तिसरी-चौथी एकत्र भरली होती. गुरुजी बाहेर आले, चौकशी केली, कारखान्याचे नाव ऐकून म्हणाले, "म्हणजे माझी नऊ पोरं तुमच्याकडं असतात. दिवाळीला मी ती तुमच्या हवाली करतो आणि जूनला परत घेतो. मधल्या काळात तुम्ही त्यांचं काय करता, साहेब?"

मला उत्तर देता आले नाही. आपल्या कारखान्याकडे टनेजचा हिशेब आहे, कोयत्यांचा आहे, उचलीचा आहे. पोरांचा नाही. मुकादम दिवस कलेपर्यंत आला नाही, ते एका परीने बरेच झाले. गुरुजींच्या परवानगीने मी मागच्या पट्टीवर बसून राहिलो. तिथे जे पाहिले, आणि नंतर आपल्या भागातल्या दोन-तीन शाळांत जाऊन जे विचारून घेतले, ते इथे मांडतो.

आधी नुकसान किती होते ते समजून घेऊ. आपण म्हणतो, हंगाम पाच-सहा महिन्यांचा, तेवढीच शाळा बुडते. हा हिशेब चुकीचा आहे. टोळी दिवाळीच्या आगेमागे गाव सोडते. मार्च-एप्रिलात पट्टा पडला की परत जाते. तोवर तिकडे परीक्षा आलेल्या असतात, आणि मागोमाग उन्हाळ्याची सुट्टी लागते. म्हणजे पोरगे गावी एप्रिलात पोचले तरी वर्गात बसते ते जूनच्या मध्यावर. वर्षातून त्याच्या वाट्याला शाळा येते जून ते दिवाळी, जेमतेम चार महिने. बाकीच्या मुलांना दहा महिने मिळतात. चौथी संपेपर्यंत गावात राहणाऱ्या मुलाची चाळीस महिने शाळा झालेली असते, टोळीतल्या मुलाची सोळा. दोघे एकाच वर्गात, एकाच पट्टीवर, एकच पुस्तक उघडून बसतात.

त्यातही पहिला महिना मागचे आठवण्यातच जातो. गुरुजी म्हणाले, जाताना जे पोरगे ओळी वाचत होते, ते परत येताना शब्दापाशी अडखळते. हाताला कोयता आणि वाढ्याची पेंडी एवढीच सवय राहिलेली असते. आम्ही जाणतोच, दहा-अकरा वर्षांचे पोर फडात नुसते बसून राहत नाही. वाढे गोळा करते, मोळीला बंध देते, आणि मुलगी असेल तर धाकटे भावंड तिच्या कडेवर असते.

आता नांगी भरण्याचा विचार करा. लागवडीनंतर महिनाभराने नांगीच्या जागी नुसती टिपरी पुरली तर काय होते? शेजारची बेटे तोवर पुढे गेलेली असतात. नवा कोंब त्यांच्या सावलीत पिवळा पडतो आणि मरतो, नाही तर अखेरपर्यंत काडीसारखा राहतो. म्हणून आपण त्याच वेळी पिशवीत वाढवलेले, त्याच वयाचे रोप लावतो आणि त्याला हाताने पाणी व मूठभर खत जादा देतो. शाळेत अडचण अशी की पोराच्या बाबतीत पिशवीतले रोप तयार नसते. वय दहा, उंची बाकीच्यांएवढी, पण वाचन पहिलीचे. त्याला पहिलीत बसवले तर लाजेने चार दिवसांत शाळा सोडते. पाचवीत बसवले तर काही कळत नाही म्हणून सोडते. यातून वाट काढणे हेच गुरुजींचे खरे काम.

कायद्याने वाट दाखवलेली आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गातच घ्यायचे, आणि बरोबरीला आणण्यासाठी त्याला खास प्रशिक्षण द्यायचे, असे त्यात म्हटले आहे. हे प्रशिक्षण कमीत कमी तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे. केंद्राच्या नमुना नियमांत आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटली. नियमित वर्गात बसवल्यानंतरही शिक्षकाने त्या मुलाकडे खास लक्ष देत राहायचे, ते अभ्यासाने आणि मनानेही वर्गात मिसळेपर्यंत. 'मनानेही' हे सरकारी कागदात लिहिलेले आहे, हे वाचून मला आश्चर्य वाटले. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वर्षाच्या मध्येच आला म्हणूनही नाकारता येत नाही.

कागदावर हे सगळे आहे. वर्गात ते कसे उतरते ते आता पाहा.

जूनमध्ये पोरगे आले की गुरुजी पहिल्या दिवशी पुस्तक काढत नाहीत. "कुठं होतास इतके दिवस?" हा प्रश्न सगळ्यांच्या देखत विचारत नाहीत. नाव पटावरच असते, ते इतरांच्या बरोबरीने हजेरीत पुकारतात. त्यांच्या मते याचा परिणाम मोठा असतो. आपले नाव अजून आहे, हे पोराला कळले की निम्मी भीती जाते. काही शाळांत नाव खाली शेवटी पेनाने घातलेले असते. तिथे मुले "ते ऊसतोड्याचं" म्हणून चिडवतात. ते चिडवणे बंद करणे हेही शिकवण्याइतकेच काम आहे, असे आपल्या भागातल्या एका बाईंनी मला सांगितले. त्यांनी उपाय साधा केला. परत आलेल्या मुलाला गावात राहिलेला एक जोडीदार द्यायचा, आणि दोघांना मिळून वर्गाचे एखादे काम द्यायचे. पाण्याची टाकी भरून घेणे, खडू वाटणे, झाडांना पाणी घालणे. कामाला ही पोरे वाघ असतात. तिथे ती पुढे असतात आणि बाकीची मागे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकेकाला जवळ बोलावून पाच मिनिटांची तपासणी. अक्षरे ओळखता येतात का? सुटे शब्द वाचता येतात का? पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा? दुसरीच्या पातळीची लहान गोष्ट? जिथे अडेल तिथून सुरुवात. 'प्रथम' ही संस्था 'असर' नावाची पाहणी २००५ पासून करीत आली आहे, तिच्यात वाचनाच्या याच पायऱ्या वापरतात. आपण माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा सांगत नाही, त्यातलाच हा प्रकार. चौथीचा म्हणून चौथीचे पुस्तक हातात देणे म्हणजे चोपण जमिनीला शेजाऱ्याचे खतांचे वेळापत्रक लावणे.

मग रोज दीड-दोन तास वर्गाची मांडणी बदलते. तिसरी-चौथी हा भेद राहत नाही. अक्षरवाल्यांचा एक गट, शब्दवाल्यांचा एक, उतारा वाचणाऱ्यांचा एक. बाकीचा वेळ सगळी मुले आपापल्या वर्गात. त्यामुळे वयाची लाज राखली जाते आणि अडलेले सुटतेही. ही रीत कुणाच्या डोक्यातून सहज निघालेली नाही. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथील शाळांत 'बालसखी' म्हणून एक प्रयोग झाला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुले वस्तीतल्याच एका शिकलेल्या तरुणीने रोज दोनेक तास बाजूला घेऊन शिकवायची. पाडेगावला वाणाच्या चाचणीत शेजारी तुलनेचा प्लॉट ठेवतात तसे काही वर्गांना बालसखी दिली, काहींना नाही, आणि दोन्हींची परीक्षा घेतली. बालसखी मिळालेल्या वर्गांची प्रगती जास्त निघाली, आणि सर्वांत मागे असलेल्यांना जास्त फायदा झाला. या चाचणीमागे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ होते, ज्यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

गणिताची गोष्ट मात्र मला सर्वांत आवडली, कारण तिच्यात आपला ऊस आला. गुरुजींनी तुरीच्या वाळलेल्या काड्या आणल्या होत्या. दहा काड्यांची एक मोळी. फळ्यावर ३२ वजा १७ लिहिले. पोरांनी तीन मोळ्या आणि दोन सुट्या काड्या मांडल्या. दोनातून सात जात नाहीत. गावात राहिलेला एक चुणचुणीत मुलगा "हातचा, हातचा" म्हणून ओरडला, पण हातचा म्हणजे काय ते त्याला सांगता येईना. टोळीतून आलेल्या एका मुलीने न बोलता एक मोळी सोडली. बारा सुट्या झाल्या. सात काढल्या, पाच राहिल्या. एक मोळी बाजूला केली, एक राहिली. पंधरा. गुरुजी वर्गाला म्हणाले, "हिनं काय केलं ते बघा. हातचा म्हणजे सोडलेली मोळी." त्या मुलीला वाचन जेमतेम शब्दापर्यंत येत होते. पण त्या दिवशी वर्गाला तिने शिकवले.

त्यानंतर त्यांनी कपाटातून एक जुनी काटा पावती काढली, टायरगाडीची. भरलेली गाडी ३ टन २४० किलो, रिकामी ६९० किलो, तर ऊस किती? हिशेब कशाचा आहे हे टोळीतल्या पोरांना विचारावे लागत नाही. बापाच्या शेजारी काट्यावर उभे राहून त्यांनी तो शंभर वेळा पाहिला आहे. २ टन ५५० किलो, उत्तर आले. (काटा बरोबर असतो का, असाही एक आवाज मागून आला होता. गुरुजींनी विषय बदलला, हे माझे नशीब.)

मनाची बाजू राहिली. पहिले तीन-चार आठवडे पोरगे दोन दिवस येते आणि तिसऱ्या दिवशी येत नाही. गुरुजी अशा वेळी निरोप पाठवत नाहीत, स्वतः घरी जातात. कारण बहुधा लहान भावंड असते. मग ते भावंड अंगणवाडीत घालायचे, किंवा सरळ वर्गात आणू द्यायचे. मी बसलो होतो तेव्हा मागच्या भिंतीशी दोन लहानगी झोपली होती. वर्गातच एखादे पोर पेंगते. टोळीत पहाटे तीनला उठण्याची सवय महिनाभर जात नाही. त्याला ओरडायचे नाही, तोंड धुऊन यायला सांगायचे. वाचताना चुकले तर लगेच हटकायचे नाही, ओळ पुरी होऊ द्यायची. मारणे तर कायद्यानेच बंद आहे. बाई म्हणाल्या, "शिव्या खाऊन खाऊन या मुलांची कातडी जाड झालेली असते असं लोक म्हणतात. उलट असतं. जरा आवाज चढला की ती आतून बंद होतात."

गुरुजींची एक तक्रार आहे, तीही लिहितो. एवढी मेहनत करून ऑक्टोबरपर्यंत पोर उताऱ्यावर येते आणि पुन्हा गाडी भरते. २०१९ साली केंद्राने कायदा दुरुस्त केला आणि २०२३ मध्ये आपल्या राज्याने नियम केला. त्याप्रमाणे पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास फेरपरीक्षा, आणि त्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात राहावे लागते. ही परीक्षा येते उन्हाळ्याच्या तोंडावर, म्हणजे आपला हंगाम संपता-संपता. नापास झालेले तेरा वर्षांचे पोर पुढच्या वर्षी शाळेत येत नाही, कोयता घेते. मुलगी असेल तर तिचे लग्न होते. गुरुजींना पोराची खरी धास्ती वाटते ती याच दोन वर्षांत.

पोर गावीच ठेवण्याचे उपाय आहेत. गावातल्या शाळेत हंगामी वसतिगृह चालवतात. पोर आजी-आजोबांकडे राहते आणि शाळेत जेवते. राज्य सरकारने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना काढली. पण सगळ्यांच्या घरी आजी-आजोबा नसतात, आणि वयात आलेली मुलगी मागे ठेवायला आई तयार होत नाही. तेव्हा काही पोरे आपल्याकडे येणारच. पूर्वी काही कारखान्यांवर साखरशाळा चालत. कायदा आल्यानंतर मुलांना जवळच्या नियमित शाळेतच घालावे असे धोरण झाले आणि बहुतेक साखरशाळा बंद पडल्या. धोरण तत्त्वाने बरोबर आहे, पण कोप्या फडाच्या कडेला आणि शाळा गावात. नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या मुलाला शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. आपल्या किती कोप्या शाळेपासून एक किलोमीटरच्या आत पडतात? मी मागच्या हंगामातल्या जागा आठवून पाहिल्या. फार थोड्या.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. दोन हंगामांपूर्वी आपल्या एका गटातल्या शाळेने टोळीची सात मुले दाखल करून घेतली होती. जानेवारीत दुसऱ्या गटात जळीत झाले. जळीत ऊस थांबत नाही, वजन आणि उतारा दोन्ही जातात, म्हणून मी रातोरात ती टोळी बावीस किलोमीटरवर हलवली. सकाळी त्या शाळेतून बाईंचा फोन आला. "मुलं आली नाहीत, आजारी आहेत का?" मी म्हणालो, टोळी हलवली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "दोन दिवस आधी सांगितलं असतं तर मी त्यांची वह्यापुस्तकं आणि हमी पत्रक तरी दिलं असतं." स्थलांतरित मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक जाते. पोर कुठवर शिकले आहे ते त्यावर लिहिलेले असते, म्हणजे पुढच्या शाळेला पहिल्यापासून चाचपडावे लागत नाही. ती मुले पुढे कुठल्याच शाळेत गेली नाहीत. तोडणीचा निर्णय माझ्या मते आजही बरोबर होता. एक फोन न करणे मात्र बरोबर नव्हते.

जळीत सांगून येत नाही. पण टोळ्या हलतात त्या दरवेळी जळीतामुळे नाही, हे सभासदही जाणतात. "माझा फड आधी तोडा" म्हणून संचालकांकडून चिठ्ठी येते, कार्यक्रम मोडतो, टोळी हलते. लागण तारखेप्रमाणे तोडणी कार्यक्रम पाळला तर एक टोळी एकाच गटात बराच काळ राहते. साखर उताऱ्यालाही तेच हिताचे आहे, आणि वर्गात बसलेल्या पोरालाही.

येत्या हंगामासाठी काही बदल ठरवले आहेत. कोप्यांसाठी जागा देताना सभासदांनी शक्य तो गावालगतची, शाळेच्या वाटेवरची जागा द्यावी. त्यासाठी गट ऑफिसात आधी कळवावे. फडात वाढे बांधायला किंवा जनावरांमागे टोळीतले पोर मागू नये. शाळा व्यवस्थापन समितीवर जे सभासद आहेत त्यांनी टोळी आल्याच्या आठवड्यातच मुख्याध्यापकांना कोपीवर घेऊन जावे. आई-बाप पहाटेच फडात जातात, म्हणून संध्याकाळी सातनंतर जावे. टोळी हलवायची झाल्यास चिटबॉयने त्या गावच्या शाळेला आदल्या दिवशी तरी कळवायचे आहे. आणि टोळी नोंदणीच्या फॉर्मवर यंदापासून चार नवे रकाने छापले आहेत : मुलाचे नाव, वय, इयत्ता, गावच्या शाळेचा फोन.

ऑगस्टमध्ये त्या गुरुजींना फोन करून मी हे रकाने वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "अजून एक वाढवा. कुठवर वाचतं तो." फॉर्म छापून आले होते. पाचवा रकाना रबरी शिक्क्याने मारून घेतला आहे.